झाकण लावून जा

मित्रांनो, मला दार नाही, झाकण आहे. ते उचलून शिडीने खाली उतरलात की तुम्ही थेट माझ्या पोटात. मी आहे अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरचे एक तळघर, वयाने बरेच जुने. इथली जमीन बारमाही गोठलेली. देवमाशाच्या शिकारीला जाणाऱ्या होडीचा कप्तान एल्मर, त्याच्या आजोबांनी ती कुदळीने फोडून मला खणले आणि देवमाशाचे मांस माझ्या हवाली केले. माझ्या भिंती तेव्हा हिमाने पांढऱ्याशुभ्र होत्या. सणाला सारे गाव माझ्यातले मांस खाई आणि माझे नाव काढी. मला त्याचा फार अभिमान वाटे.

देवमासा हा पाहुणा, असे आमच्याकडे मानतात. ज्याचे तळघर स्वच्छ, त्याच्याच होडीला तो आपण होऊन मिळतो. म्हणून शिकारीआधी कप्तानाची बायको तळघर खरवडते आणि तळाशी ताजे बर्फ अंथरते. एल्मरची बायको ल्युसिल हिचा या कामात हात धरणारी गावात दुसरी नव्हती.

पण एका उन्हाळ्यात माझ्या छतातून पाणी ठिबकू लागले आणि मांस आंबले. एल्मरची बहीण एड्ना हिने तुकडा तोंडात घातला आणि तसाच थुंकला.

"वहिनी," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "पाहुण्याला असल्या घाणीत झोपवलंस होय?"

ल्युसिलच्या ते जिव्हारी लागले. शिकारीआधी करायचे काम ती भर उन्हाळ्यातही करू लागली. झाकण उघडे टाकून तासन्‌तास घाशी, भिंतींवरचे हिमसुद्धा मळ समजून खरवडी. बाई, वर जा आणि झाकण लाव, असे ओरडून सांगावेसे मला वाटे. ती जितकी घासे, तितके माझे पाझरणे वाढे. शेवटी एल्मर कंटाळला. खडी टाकून मला बुजवायचे, असे त्याने ठरवले. मी खरोखर घाबरले होते.

त्याच आठवड्यात एड्ना आली, ती मान खाली घालून.

"माझंही तळघर रडतंय गं," ती म्हणाली. "आणि मी तर रोज घासते, तुझ्यासारखी."

"रोज? झाकण उघडं ठेवून?"

एड्नाने होकारार्थी मान हलवली. मग ल्युसिल म्हणाली, "आपणच ऊन आत घेतलं की. पूर्वी थंडी कडक होती, आपल्या चुका पोटात घालायची. आता ती घालत नाही."

"मग बुजवायचं?"

"बुजवायचं कशाला? याच्यावरच शिकायचं, सगळ्या गावानं मिळून."

एल्मर कुरकुरला, पण खडीऐवजी फळ्या घेऊन आला. माझ्या शेजारी, जमिनीला ऊब लागू नये म्हणून खांबांवर, गावाला बसून शिकायला एक उंच खोली उभी राहिली. तिची सावली माझ्या झाकणावर पडते. कुणीतरी हौसेने शेगडी आणून माझ्या डोक्यावरच मांडली, तेव्हा ल्युसिलने त्याला शेगडीसकट परत पाठवले. मग लोक जमू लागले. म्हातारे पूर्वीचे हिवाळे सांगत, शाळेतल्या बाई माझ्यात तापमापक सोडत, आणि वाद तर इतके होत की खोली हादरे. त्यातूनच ठरत गेले की हिवाळ्यात माझ्या माथ्यावरचे बर्फ बाजूला सारायचे, म्हणजे थंडी जमिनीत मुरते. नळीवाटे गार वारा आत सोडायचा आणि उन्हाळा लागण्याआधी नळी बंद करायची. खरवडणे फक्त कडाक्याच्या थंडीत, आणि भिंतींवरच्या हिमाला हात लावायचा नाही.

पुढच्या वसंतात एल्मरच्या होडीला देवमासा मिळाला. मांस विजेच्या शीतपेटीत ठेवू, असे तो म्हणाला. ल्युसिलने ऐकले नाही. शरदातल्या सणाचा सगळा वाटा तिने माझ्यात ठेवला. बिघडला असता तर सण उपाशी गेला असता आणि ती खोलीही ओस पडली असती. उन्हाळाभर ती माझ्यापाशी येई. घासायला तिचे हात शिवशिवत. मग ती झाकणावर नुसती बसून राही आणि उठून जाई.

शरदात सारे गाव खोलीत जमले. पहिला तुकडा एड्नाच्या हातात दिला गेला. ती बराच वेळ चावत राहिली. ल्युसिल जमिनीकडे बघत होती.

"गोड आहे, वहिनी," एड्ना म्हणाली आणि तिने दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.

मित्रांनो, माझ्या एका कोपऱ्यात अजून ओल आहे. मी किती टिकेन, हे कुणालाच सांगता येत नाही. पण खोलीत माणसे येताहेत तोवर मी हटणार नाही. तुम्हीही या, बसा, भांडा, शिका. आत उतरून पाहायचे तर जरूर पाहा. फक्त जाताना माझे झाकण लावून जा.