चढणीवर पारखलेली लॉरी

देवासच्या पागेतले घोडे एकेक करून विकले गेले, तबेल्याच्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या, आणि जयसिंगरावांना कोणी काही विचारेनासं झालं. उभी हयात पागेच्या दारोगाची जागा सांभाळलेला माणूस. घोड्याच्या कपाळावरचा भोवरा पाहून ते त्याचं भविष्य सांगायचे. खरं म्हणजे त्यातलं निम्मं बोलाचंच असायचं, पण जनावराचा दम ओळखण्यात मात्र त्यांचा हात धरणारा माळव्यात दुसरा नव्हता. आता सकाळी मिशांना पीळ द्यायचा, रिकाम्या तबेल्यापर्यंत फेरी मारायची आणि मोटारींकडे पाहून नाक मुरडत परत यायचं, एवढंच काम उरलं होतं. हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं, पण ते बोलून दाखवत नसत.

म्हणून धारहून जावई आले आणि म्हणाले, "मामासाहेब, एक जुनी लॉरी घ्यायची आहे, आपण पारखून द्यावी," तेव्हा म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग चढला. वरवर ते म्हणाले, "लोखंडातलं आम्हांला काय कळतं?" आणि लगोलग पगडी शोधायला लागले.

जावई कृष्णाजीराव शांत, भिडस्त माणूस. दरबारच्या कोठीतली नोकरी गेली तेव्हा त्यांनी गाजावाजा न करता मोटार हाकायला शिकून घेतलं. मांडवगडावरच्या पडक्या महालांची डागडुजी चालू होती. धारहून घाट चढवून चुना, विटा वर पोहोचवायचं काम त्यांना मिळत होतं. लढाई संपल्यावर महूच्या छावणीतल्या जुन्या लॉऱ्या विकायला निघाल्या होत्या, त्यांतलीच एखादी घ्यायची. नवी घेण्याची ऐपत नव्हती. होती नव्हती ती पुंजी या एका लॉरीत जाणार होती. ती बरी निघाली तर इंदूचं घर उभं राहणार होतं, वाईट निघाली तर दिरांच्या दारात मान खाली घालून उभं राहायची पाळी तिच्यावर येणार होती. जयसिंगरावांना हे पक्कं ठाऊक होतं. एकुलती एक लेक होती त्यांची.

सासऱ्यांना विचारायची कल्पनाही इंदूचीच. "आबासाहेबांना न्या," ती नवऱ्याला म्हणाली होती, "त्यांना बरं वाटेल."

धारमध्ये दोन लॉऱ्या विकाऊ होत्या. एक उमाशंकरची. हा माणूस स्वतःच ती हाकायचा, आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून विकायला काढली होती. लॉरी दिसायला अगदीच कळाहीन. रंग उडालेला, एक दिवा फुटलेला, फळ्यांना दोरी बांधलेली. दुसरी रघुजीची. रघुजी जुन्या गाड्या घेऊन विकणारा, बोलण्यात लोणी लावणारा. त्याची लॉरी हिरव्या रंगाने चकचकत होती, चाकांवर नवं रबर होतं, आणि हँडल फिरवताच इंजिन असं दणदणीत सुरू झालं की जयसिंगरावांचा हात आपोआप तिच्या पुढच्या भागावर गेला. ते तिला थोपटू लागले. कृष्णाजीरावांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"इथे सपाटीवर काय बघायचं," जयसिंगराव म्हणाले. "जनावराची परीक्षा चढणीवर. दोन्ही मांडवच्या घाटात घ्या, भरून घ्या."

यात चूक काहीच नव्हती, घोडा असता तर. त्यांच्या घराण्यात असेच घोडे घेत आले होते. जनावर चढणीला लावायचं, माथ्यावर पोहोचलं की छातीला कान लावायचा, नाकपुड्या पाहायच्या, पाय थरथरतात का पाहायचं. मग स्वाराने खाली उतरायचं आणि पायी घाट उतरायचा. चढण चढून दमलेल्या जनावराच्या पाठीवर बसून जो उतार उतरतो त्याला स्वार म्हणत नाहीत, असं त्यांना लहानपणीच शिकवलेलं होतं. घाट उतरताना त्यांना कोणी घोड्यावर बसलेलं पाहिलं नव्हतं.

आधी उमाशंकरची लॉरी. चुन्याची पोती भरून ती निघाली आणि अर्ध्या वाटेवर धापा टाकू लागली. पाणी उकळून वाफा बाहेर आल्या. उमाशंकर खाली उतरला, डोक्यावर पंचा टाकून पाणी थंड व्हायची वाट पाहत बसला. त्याला काही वाटल्याचं दिसलं नाही. जयसिंगरावांनी तेवढ्यावरच काय ते ठरवलं आणि मागे वळून पायी उतरू लागले. जावईही मुकाट्याने त्यांच्याबरोबर चालू लागले. सासरे पायी आणि जावई गाडीत, हे चार लोकांत बरं दिसलं नसतं.

थोड्या वेळाने लॉरी मागून खडखडत आली. त्यांच्या बाजूला येताच, ऐन उतारावर, पोत्यांच्या वजनासकट, ती जागच्या जागी उभी राहिली. उमाशंकरने दोन्ही हात वर करून दाखवले.

"देखो भिया," तो कृष्णाजीरावांना म्हणाला, "म्हारी गाड़ी चढ़े धीमी, पन रुके पक्की."

कृष्णाजीराव पुढे झाले, चाकाजवळ वाकून पाहून आले. "थांबते मात्र चांगली, मामासाहेब," ते हळूच म्हणाले.

"थांबणारंच हवं असेल तर बैल घ्या," जयसिंगराव म्हणाले. "वाटेत अडणारं जनावर मी उभ्या जन्मात कोणाला घेऊ दिलं नाही."

कृष्णाजीराव यावर काही बोलले नाहीत. बोलले असते तर फार बरं झालं असतं, पण सासऱ्यांना स्वतःच पारखायला आणून त्यांचा शब्द खाली पाडायचा, हे त्यांच्यानं होणारं नव्हतं.

दुपारी रघुजीची लॉरी निघाली. तितकीच पोती, तोच रस्ता, आणि ती कुठेही न अडखळता थेट गडाच्या दरवाजापर्यंत चढून गेली. जयसिंगराव पुढे बसले होते. प्रत्येक वळणावर त्यांना जुन्या दिवसांसारखं वाटत होतं. माथ्यावर उतरून त्यांनी इंजिनाला कान लावला. आवाज एकसारखा होता. "दम आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. आपण अजून टाकाऊ झालो नाही, एवढंच त्यांना त्या घटकेला कळत होतं.

पोती वरच उतरवली. मग रीतीप्रमाणे ते पायवाटेने घाट उतरू लागले आणि जावई त्यांच्यामागून.

"आप आराम से चलो दाजी, गाड़ी मैं लाता हूँ," रघुजी म्हाताऱ्याला म्हणाला. तो इतक्या लगबगीने म्हणाला की कोणाही संशयी माणसाच्या मनात पाल चुकचुकली असती. जयसिंगरावांना तो फक्त अदबशीर वाटला.

पायवाट जवळची, म्हणून हे दोघे आधी खाली पोहोचले. बऱ्याच वेळाने लॉरी आली, मुंगीच्या पावलांनी, इंजिन रडवत. रघुजीचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. चाकांपाशी काहीतरी करपल्याचा वास येत होता. जयसिंगराव कौतुकाने म्हणाले, "पाहिलंत? जनावराला जपून आणलं त्यानं." वास त्यांना घामाचाच वाटला. चढण चढलेल्या घोड्यालाही वास येतोच. त्यांनी लॉरीच्या अंगावरून हात फिरवला आणि जावयाला म्हणाले, "हीच घ्या."

लॉरी घेतली. इंदूने तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि वडिलांना वाकून नमस्कार केला. जयसिंगराव देवासला परतले ते ताठ मानेने. पुढे महिना-दोन महिने भेटेल त्याला ते लॉरीची हकीकत सांगत होते, आणि ऐकणारे कंटाळले तरी त्यांना कळत नव्हतं.

थंडी सरता सरता धारहून माणूस आला. आतापर्यंत लॉरी चुना घेऊन चढायची आणि रिकामी उतरायची. त्या दिवशी वरून जळाऊ लाकूड खाली आणायचं काम मिळालं होतं. पहिल्यांदाच ती भरलेली उतरली, आणि दुसऱ्या वळणावर कृष्णाजीरावांच्या हातात राहिली नाही.

जयसिंगराव धारला पोहोचले तेव्हा दहन होऊन गेलं होतं. प्रेत घाटातून खाली आणलं होतं उमाशंकरच्या लॉरीने. ती अजून विकली गेली नव्हती. ते घरी न थांबता आधी घाटात गेले. लेकीसमोर जायचं धैर्य होत नव्हतं, हे त्यामागचं खरं कारण. लॉरी खालच्या खडकांत उलटी पडली होती, चाकं वर. घोडा घेताना त्यांनी कधी खूर उचलून पाहिल्याशिवाय हो म्हटलं नव्हतं, आणि या लॉरीच्या चाकाखाली ते एकदाही वाकले नव्हते. आता न वाकताही सारं दिसत होतं. त्यांनी चाकाच्या आत हात घातला. चाक धरून ठेवणाऱ्या पट्ट्या पार झिजून गेल्या होत्या. बोटांना नुसतं गुळगुळीत लोखंड लागलं. तो गुळगुळीतपणा एका दिवसाचा नव्हता.

वर रस्त्यावर उमाशंकर उभा होता. विखुरलेली लाकडं गोळा करायला आला होता. "उतार में देखी थी कई, दाजी?" त्याने विचारलं. त्याला टोचायचं नव्हतं, उतारावर पाहिली होती का एवढा साधाच प्रश्न होता. जयसिंगरावांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांना तो करपल्याचा वास आठवला. ते तिथेच खडकावर बसले आणि पुष्कळ वेळ उठले नाहीत.

घरी भेटीला येणाऱ्यांची रीघ होती. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसून लोक हळू आवाजात बोलत. कृष्णाजीरावांनी घाई केली असेल. डुलकी लागली असेल. दरबारात लेखणी धरणारा माणूस, घाटात हात डगमगला असेल. मग कोणीतरी जयसिंगरावांकडे पाहून म्हणे, "गाडीत काही खोट असणं शक्य नाही. खुद्द दारोगासाहेबांनी पारखलेली." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा जयसिंगरावांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच क्षणी त्या सुटकेची त्यांना इतकी शरम वाटली की समोरचा पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांना उचलवेना.

तेरावा झाल्यावर संध्याकाळी इंदू आतल्या खोलीत एकटी बसली होती. ते दारात उभे राहिले.

"इंदू, त्यांचा काही दोष नव्हता," ते म्हणाले. "लॉरीचा ब्रेक आधीपासूनच गेलेला होता. मी ती फक्त चढताना पाहिली. उतरताना मी पायी चाललो आणि त्यांनाही पायी चालवलं. हे माझ्या हातून झालं."

इंदूने वर पाहिलं. ती रडली नाही. आपण तिला काही नवं सांगितलं, असं त्यांना वाटलं होतं. ते तसं नव्हतं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तिकडून दोनदा सांगणं झालं होतं. उतारावर गाडी धरत नाही, देवासला जाऊन मामासाहेबांना एकदा दाखवून आणतो, म्हणून." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मीच जाऊ दिलं नाही. म्हटलं, आबासाहेबांनी निवडलेल्या गाडीत खोट काढली तर त्यांना फार लागेल. आत्ता कुठे ते पुन्हा हसायला लागलेत."

जयसिंगराव आत येऊन तिच्यासमोर खाली बसले.

"आता एवढं करा," ती म्हणाली. "बाहेर बसलेत त्यांना सांगा. तिकडची चूक म्हणतात, ते मला ऐकवत नाही."

ते बाहेर गेले. चौघे-पाचजण बसले होते. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. चढण, पायवाट, करपलेला वास, झिजलेलं लोखंड, काही झाकलं नाही. इतक्या वर्षांची कमावलेली अब्रू त्यांनी सगळ्यांसमोर आपल्या हाताने उतरवून ठेवली, आणि ती गेल्याचं त्यांना दुःखही झालं नाही.

मग एका वयस्क गृहस्थांनी उठून त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"सासरा असावा तर असा," ते बाकीच्यांना म्हणाले. "गेलेल्या जावयाचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने डोळे पुसले.

"मी खरं सांगतोय," जयसिंगराव म्हणाले.

"हो, हो. शांत व्हा आपण."

दाराच्या फटीशी इंदूचा पदर दिसत होता. ती सगळं ऐकत होती. निघताना तेच गृहस्थ जोडे घालता घालता थांबले आणि संकोचून म्हणाले, "ही वेळ नव्हे, पण धाकट्याचं लॉरी घ्यायचं चाललंय. महिना सरला की आपली एक नजर पडली असती, तर आम्ही निर्धास्त झालो असतो."

दाराच्या फटीतला पदर मागे सरला आणि आतून कडी लागली.