ड्रम तोच, तेल दुसरं

गॅरेजला निघताना धाकट्याने आपली जुनी व्हॅन मागे घेतली आणि अंगणातल्या फरशीवर तळहाताएवढा काळा डाग दिसला. उतरून त्याने बोट लावलं, चोळलं, वास घेतला. इंजिन ऑइल. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, बरोबर तिथून ठिबकत होतं.

आता गॅरेजवाल्याच्याच गाडीखाली डाग, यात नवल ते काय, असं कुणीही म्हणेल. पण धाकटा तिथेच उकिडवा बसून राहिला. बायकोने दारातून दोनदा हाक मारली तरी उठला नाही. कारण या व्हॅनचं इंजिन आजवर कुणी उघडलंच नव्हतं. आतलं सील कंपनीतून आलं तसंच. दादाचा हात त्याला कधी लागलेला नव्हता.

आणि दादाला त्याने आठ महिन्यांपूर्वी घरी बसवलं होतं, ते अशाच गळत्यांपायी.

दोघा भावांचं गॅरेज. दादा थोरला, बासष्टचा. हा नऊ वर्षांनी लहान. पन्नाशी उलटली तरी दादाच्या तोंडी अजून ‘छोट्या’च. बाहेरचं सगळं धाकट्याकडे: गिऱ्हाईक, सामान, तेल बदलणं, गोड बोलणं. इंजिन उघडायचं काम दादाकडे, आणि सील बसवायचं तर फक्त दादाकडेच. सील म्हणजे काय, तर फिरत्या दांड्याभोवती बसणारी रबराची कडी, तेल आतल्या आत राहावं म्हणून. असते बशीएवढी, पण केसभर तिरकी बसली की संपलं, सगळं पुन्हा उतरवा. दादा आधी करंगळीने तिच्या काठाला तेल लावायचा. मग स्वतः तासून केलेला लाकडी ठोकळा वर धरून, गोल गोल फिरवत, हलक्या हाताने ठोकायचा. त्या वेळी कुणी बोललेलं त्याला खपायचं नाही. सील पुरतं बसलं की आवाज बदलतो, म्हणायचा. तो बदल धाकट्याला तीस वर्षांत एकदाही ऐकू आला नाही, आणि तसं त्याने कधी कबूलही केलं नाही.

तेल वर्षानुवर्षं एकाच कंपनीचं, सिंथेटिक. त्याचा निळा ड्रम कोपऱ्यात उभा, खाली तोटी बसवलेली. गेल्या वर्षी त्या कंपनीचा माणूस माल द्यायला टंगळमंगळ करायला लागला. आज येतो, उद्या येतो. धाकटा वैतागला आणि त्याने दुसऱ्या कंपनीचं सिंथेटिक आणलं. डब्यावरचा नंबर तोच. डब्यांना तोटी कुठली असायला, म्हणून त्याने ते रिकाम्या निळ्या ड्रममध्ये ओतलं. दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादाने तासभर डोकं खाल्लं असतं, की जुन्या इंजिनाच्या अंगवळणी पडलेलं तेल उगाच बदलू नये. कोण ऐकत बसणार? सिंथेटिक ते सिंथेटिक, असा धाकट्याचा सरळ समज.

पुढच्या तीन महिन्यांत तीन गाड्या गळत आल्या. डॉक्टरीणबाईंची, शाळेतल्या क्लार्कची आणि बेकरीवाल्याची. तिन्ही जुन्या, तिन्हींचं सील दादाने मागच्या दोन-तीन वर्षांत बसवलेलं. तिसरी आली तेव्हा दादा गाडीखालून बाहेर सरकला आणि झोपल्या झोपल्याच म्हणाला, “छोट्या, तेल बदललंस का रे?”

धाकटा तेव्हा फोनवर बेकरीवाल्याची समजूत घालत होता. त्याने फोनवर हात ठेवला आणि कोपऱ्यातल्या ड्रमकडे बोट दाखवलं. “हा काय, तोच आहे ना.”

दादाने ड्रमकडे पाहिलं. ड्रम तोच होता. भावाच्या बोटावर विश्वास ठेवून तो पुन्हा गाडीखाली गेला. धाकटा खोटं बोलला का? विचारलं असतं तर तो छातीवर हात ठेवून नाही म्हणाला असता. ही अशी माणसं फार. खोटं बोलायचं नाही, फक्त बोट दाखवायचं.

त्याच आठवड्यात दादाच्या हातून कप निसटला. एकदाच. कुणाच्याही हातून निसटतो. पण धाकट्याच्या डोक्यात चक्र फिरलं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

“दादा, राग मानू नकोस. हात आता पहिल्यासारखे राहिले नाहीत तुझे. किती वर्षं राबलास. घरी आराम कर जरा.”

दादाने दोन्ही हात समोर धरले, पालथे केले, पुन्हा उताणे केले. जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मग म्हणाला, “असेल.” एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. ठोकळा फळीवरच राहिला.

बाहेरच्या फिटरकडून तिन्ही गाड्यांना नवी सीलं बसवून घेतली. ती गळली नाहीत. झालं, धाकट्याची खात्री पटली. पुढे आणखी दोन जुन्या गाड्या गळल्या, तेही त्याने दादाच्याच नावावर टाकलं. अरे, जुनी गाडी म्हटल्यावर ती कधी ना कधी दादाच्या हाताखालून गेलेली असणारच, एवढा साधा विचार याच्या डोक्यात येऊ नये? पण नाही आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि आता ही व्हॅन. तेल हिच्यातही त्याच ड्रममधलं.

अंगणातून उठून त्याने नव्या कंपनीला फोन लावला. तिथल्या इंजिनिअर बाईंनी त्याचं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, “आधी कुठलं तेल होतं?” याने सांगितलं. “तेही सिंथेटिकच हो,” असंही वर सांगितलं.

“सिंथेटिक म्हणजे सगळं एक नव्हे, काका. नंबर पातळ-जाडपणाचा असतो. आतला मालमसाला प्रत्येकाचा वेगळा. एका तेलात रबर थोडं फुगतं, दुसऱ्यात थोडं आक्रसतं. नव्या गाडीला काही फरक पडत नाही. बऱ्याच जुन्यांनाही पडत नाही. पण जुन्या तेलात फुगून बसलेलं सील असेल, किंवा आत साचलेला गाळ धुऊन निघाला, तर गळू शकतं. एका गाडीत पहिलं तेल परत घालून बघा. कधी कधी थांबतं. नाहीच थांबलं तर सील बदला. नवं सील नव्या तेलात सहसा बरं राहतं.”

म्हणजे फिटरची सीलं त्यामुळे टिकली होती. फिटरच्या हातामुळे नव्हे.

धाकट्याने पहिल्या कंपनीचं तेल शोधून आणलं, व्हॅनमध्ये भरलं आणि खाली रोज नवा पुठ्ठा टाकायला लागला. पहिल्या आठवड्यात डाग तळहाताएवढाच. दुसऱ्यात बाटलीच्या झाकणाएवढा. तिसऱ्या आठवड्यात पुठ्ठ्यावर दोन थेंब. गळती थांबावी म्हणून लोक देवाला हात जोडतात. हा रोज सकाळी वाकून ती चालू असावी अशी आशा करत होता. चालू राहिली असती, तर दादाच्या बाबतीत आपण चुकलो नाही असं तरी म्हणता आलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण, हे त्याला त्या दोन थेंबांनी सांगितलं. त्याला रडू आलं, आणि पुठ्ठा हातात धरून तो अंगणातच रडला.

रविवारी दुपारी तो दादाकडे गेला. पिशवीत ठोकळा, हातोडी, एक नवं सील आणि ते ज्यात बसतं ते इंजिनाचं सुटं झाकण. उद्याच दादाला परत न्यायचं, असं मनाशी ठरवूनच निघाला होता.

वहिनींनी दार उघडलं. “या भावोजी. वाट चुकलात का?” त्या टोमणा मारत नव्हत्या, पण त्याला तो लागला.

दादा खिडकीशी बसला होता. अंगात बिनबटणांचा टी-शर्ट. जन्मभर शर्ट घातलेला माणूस. पुढ्यात स्टीलचा पेला, त्यात अर्धाच चहा.

धाकट्याने काही लपवलं नाही. कंपनी बदलल्याचं सांगितलं, डबे ड्रममध्ये ओतल्याचं सांगितलं, व्हॅनचं सांगितलं. “तुझं काही चुकलं नव्हतं, दादा. मीच माती खाल्ली.”

दादाने पेला बाजूला सरकवला. मग म्हणाला, “बेकरीवाल्याची पण?”

“ती पण.”

“तिचं सील मी तिरकं बसवलं होतं, छोट्या. मला चांगलं आठवतंय.”

“नव्हतं रे.”

“दुपारची वेळ होती. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला आणि माझा हात हलला. आवाज बदलला नाही तरी मी तसंच सोडलं.” दादाने त्याच्याकडे पाहिलं. “आठ महिने रोज तेच आठवतोय मी. मग ही आठवण आली कुठून?”

वहिनी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, “डॉक्टरीणबाईंच्या गाडीचंही असंच सांगतात. क्लार्कच्याही. रोज बसून एकेक चूक शोधून काढलीय त्यांनी.”

धाकट्याने घाईघाईने पिशवी उघडली. दुसरं काय करणार? “उद्यापासून ये. हे घे, बसवून दाखव. हात विसरलेला नाही तुझा.”

दादाने ठोकळा ओळखला. त्यावरून अंगठा फिरवला आणि क्षणभर त्याचा चेहरा पहिल्यासारखा झाला. झाकण मांडीवर घेऊन त्याने करंगळीने सीलच्या काठाला वहिनींनी वाटीत आणून दिलेलं घरातलं तेल लावलं. वहिनींनी न सांगता पंखा बंद केला.

हात थरथरत होता. गॅरेजात कधीच थरथरला नव्हता. कप निसटला त्या दिवशीही नाही. दादाने ठोकळा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. ठोकायला लागला. थांबून ऐकलं. पुन्हा ठोकलं. मग हातोडी खाली ठेवून झाकण भावापुढे धरलं.

“बघ. कसं बसलंय?”

एका अंगाने सील वर राहिलं होतं, कुणालाही दिसेल एवढं.

“मस्त बसलंय,” धाकटा म्हणाला.

दादाने झाकण मागे घेतलं नाही. आवाजही चढवला नाही. “आता तरी मला ड्रम दाखवू नकोस, छोट्या.”

धाकट्याने झाकण हातात घेतलं. वर राहिलेल्या काठावर बोट ठेवलं.

“तिरकं आहे, दादा.”