ताईची शिस्त

"वेळ संपली. पेन खाली!" थोरली म्हणाली.

"ताई, दोनच ओळी राहिल्यात गं. शेवट तरी करू दे."

"तिकडे परीक्षेला तुझी ताई नसणारे. पेन खाली."

धाकटीने पेन ठेवलं आणि टेबलावर डोकं टेकलं. निबंध आजही अर्धाच राहिला होता. "अगं, दे की तिला जरा वेळ! काय ही तुझी शिस्त!" आई आतून म्हणाली. थोरलीने मोबाइल पालथा घातला. त्यावर अजून चांगली पाच-सहा मिनिटं शिल्लक होती.

हे काही तिने ठरवून सुरू केलं नव्हतं. परदेशातल्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा जवळ आली होती आणि समोर घड्याळ दिसलं की धाकटीला पुढचं सुचेनासं व्हायचं. म्हणून सराव करताना वेळ ताईने लावायची आणि संपली की ताईनेच सांगायची, असं ठरलं. पहिल्या दिवशी थोरली लॅबमधून आली ती दमूनच. लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, रक्त काढायचं, "कळलंच नाही हो," असं ऐकायचं आणि पुढच्याला आत बोलवायचं, हे तिचं कित्येक वर्षांचं काम. पर्स खांद्यावरून उतरायच्या आत मोबाइल तिच्या हातात आला. धाकटी भराभर लिहीत होती, मध्येच स्वतःशी हसत होती. ते हसू बघितलं आणि थोरलीच्या तोंडातून शब्द निघून गेले, "वेळ संपली." कोणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने तेच केलं, आणि मग रोजच.

जळत होती ती, सरळ सांगायचं तर. कॉलेजात विज्ञानाला पहिली येणारी ती. तिला कोणी पुढे शिकायला अडवलं होतं म्हणावं, तर तेही नाही. अडवलं असतं तर निदान कोणाच्या तरी नावाने बोटं मोडता आली असती. तिने विचारलंच नव्हतं. बाबांचा पगार किती, धाकटी किती लहान, हा सगळा विचार तिने आपला आपणच केला, मनातल्या मनात स्वतःला नकार दिला आणि लॅबची नोकरी धरली. घरादाराने पोर समजूतदार म्हणून पाठ थोपटली.

आणि ही धाकटी! जेवता जेवता पाणी मागावं तसं म्हणाली, "मला पुढचं शिकायला बाहेर जायचंय." बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. आता ओरडतील, असं थोरलीला वाटलं. ते म्हणाले, "किती खर्च येईल?" झालं. एवढ्यावर विषय मिटला. इतकं सोपं होतं हे? त्यानंतर कित्येक दिवस थोरलीला अन्न गोड लागलं नाही.

शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं, असं ठरलं. वरच्या खर्चाला बाबांची ठेव मोडायची आणि उरलेल्याला बँकेचं कर्ज. बाबा निवृत्त झालेले, त्यामुळे जामीन लागणार होता. "त्यात काय, ताई आहेच की," आई म्हणाली. टेबलाला विचारून त्यावर भांडं ठेवतं का कोणी? थोरलीलाही कोणी विचारलं नाही.

परीक्षेच्या आठवडाभर आधी धाकटीने कागद भिरकावले. "मी नाही देत परीक्षा. रोज अर्धंच होतंय. मी मठ्ठ आहे."

"नको देऊस. इथे काय कमी आहे?" आई लगेच म्हणाली.

थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिने चेहरा शक्य तितका पडेल ठेवला आणि मधाळ आवाजात म्हणाली, "खरंच बाई, झेपत नसेल तर राहू दे. सगळ्यांनाच कुठे जमतं?"

तिथेच चुकलं तिचं. धाकटीने झटकन मान वर केली. "झेपत नाही? लाव वेळ. आत्ता लाव."

त्या दिवशी तिने निबंध पुरा केला. थोरलीने दुसऱ्या दिवशी आणखी वेळ कापला. धाकटीने तोही गाठला.

परीक्षा देऊन ती आली ती उड्या मारतच. "ताई, वेळ उरला! सगळे खाली माना घालून लिहितायत आणि मी आपली दोनदा वाचून बसलेय. मला वाटलं, तिथलं घड्याळच बंद पडलंय!" थोरली चप्पल काढत होती. एक पायात, एक हातात, अशी ती उभीच राहिली.

शिष्यवृत्ती मिळाली. थोरलीने बँकेत जाऊन जिथे सांगितल्या तिथे सह्या केल्या. मावशीने फोनवर विचारलं, कुठला क्लास लावला होतात? आई फुशारकीने म्हणाली, "क्लास कसला? आमची ताई!"

हे मात्र थोरलीला सोसेना. जायच्या आदल्या दिवशी दोघी बॅग भरत असताना तिने दार लोटून घेतलं.

"ऐक. मी तुला रोज वेळ कमी देत होते."

"माहितीय. त्या उरलेल्या वेळातच कळलं मला. काय डोकं गं तुझं!"

"डोकं नाही. तू जाऊ नयेस असं वाटत होतं मला. तू नापास व्हावीस म्हणून करत होते. जळत होते मी तुझ्यावर."

धाकटीने हातातले कपडे खाली ठेवले. शिव्या दे, रड, हात उगार, काहीतरी कर, असं थोरलीला ओरडून सांगावंसं वाटलं. धाकटी फिस्सकन हसली आणि तिच्या गळ्यातच पडली.

"श्रेय घ्यायलासुद्धा लाजतेस! आई, ऐकलंस का? ताई म्हणे माझ्यावर जळत होती!"

"कोण, ताई?" आई बाहेरून हसत म्हणाली. "तिला कुठलं जमतंय जळायला!"

बाबाही हसले. आयुष्यात एकदाच तिने कोणाचं वाईट चिंतलं होतं, जीव लावून, रोजच्या रोज. आणि घराने तेही तिच्या चांगुलपणात जमा करून टाकलं. आता उभ्या जन्मात ते कोणाला पटणार नव्हतं.

"ताई, चेन लागत नाहीये. जरा बैस ना बॅगेवर."

थोरली बसली. धाकटीने गुडघे टेकून चेन एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ओढत नेली.

"लागली. ऊठ आता."

थोरली उठली नाही. हात मांडीवर ठेवून, अंगाचा सगळा भार टाकून, ती तशीच बसून राहिली.