अठ्ठेचाळीस साल जाळताना

वर्ष जाळायचं तर आधी ते बनवावं लागतं. आमच्या ग्वायाकिलमध्ये, निदान आमच्या गल्लीपुरतं, ते माझ्याकडे बनतं. भुसा भरलेलं अंग, त्यावर कुणाचे तरी जुने कपडे आणि डोक्याच्या जागी माझा मुखवटा. एकतीस डिसेंबरला बाराच्या ठोक्याला हा पुतळा जाळला की सरतं साल संपलं. मातीच्या साच्यावर खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राचे थर द्यायचे, वाळवायचे, रंगवायचे. अक्षरं मी शिकले ती याच कागदांवरून. त्यामुळे जगात काय चाललंय ते मला कळतं, पण उशिरा आणि ओलं.

त्या डिसेंबरात गल्लीच्या कमिटीने ठरवलं की दरवर्षीसारखा एकटा दाढीवाला म्हातारा जाळायचा नाही. अख्ख्या जगाचं साल मांडायचं. कमिटी म्हणजे तीन माणसं. पुढारी आब्दोन विल्याक्रेस, म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारे दोघं. तिघंही दुपारच्या उन्हात माझ्या ओसरीत येऊन बसले. उकाडा असा की खळ आंबत होती. भिंतीवर रातकिड्यांचे थर होते, पायाखाली आले की चरचरत होते. आब्दोनच्या केसांच्या तेलात एक अडकला होता आणि तडफडत होता. मी सांगितलं नाही. बघत बसले.

“दोन्या सोइला, यंदा थाटात करायचंय,” आब्दोन मला म्हणाला; दोन्या म्हणजे आमच्याकडे बाई. “बर्लिनवरचं विमान, पिठाची पोती टाकणारं. बोगोतातली जळकी ट्राम. पॅरिसचे ते साहेब, उंच टोप्या, हातात मानवी हक्कांचा कागद.”

“तो तर परवाचाच.”

“म्हणून तर! ताजा माल. आणि हो, हिंदुस्थानातला तो म्हातारा, जानेवारीत गोळ्या घातल्या त्याला. त्याला कपडाही फारसा लागणार नाही.”

दोघं हसले. मी कुंचला खाली ठेवला.

“त्याला त्याच्या माणसांनी रीतसर अग्नी दिलाय. आपण पुन्हा कशाला जाळायचा?”

हसणं थांबलं. एकाने तर छातीवर क्रूसाची खूण केली. “खरंय,” आब्दोन म्हणाला, “कुणाच्या मरणाची चेष्टा नको.” क्षणभर मला वाटलं, माणसं तशी बरी आहेत.

“आता वर्षातले जन्म,” तो पुढे सरकला. “लंडनचा राजपुत्र. सोनेरी पाळणा, वर मुकुट. आणि त्याच्या शेजारी...” त्याने जिन्याकडे डोळा मारला. “आपल्या गल्लीचा राजपुत्र. त्याच आठवड्यातला. हासिंताचा.”

हासिंता माझ्या वरच्या खोलीत राहते. एकोणीस वर्षांची पोर, इस्त्री करून पोट भरते. तिचा निकानोर खरंच लंडनच्या पोराबरोबर जन्मला. चर्चमध्ये त्याच्या बापाचं नाव लावायला कुणी आलं नव्हतं. बाप कोण हे कुत्र्यामांजरांनाही माहीत होतं. आब्दोनचा मुलगा उलिसेस. जुलैत, हासिंताचं पोट दिसायला लागलं त्याच आठवड्यात, त्याला एकाएकी दातांचा डॉक्टर व्हायची तळमळ लागली आणि तो कीतोला गेला.

“आईचा मुखवटा असा करा,” आब्दोन सांगत होता, “ओठ जाड, तोंड उघडं. आणि खाली भुसा जरा सढळ हाताने...” त्याने हवेत दोन्ही पंजांनी दाखवलं. याच पंजांनी तो मला खोकल्याच्या गोळ्या मोजून देतो. पुन्हा त्या गोळ्या तोंडात घालायच्या नाहीत, मी ठरवलं.

“मी नाही करणार.”

“अहो दोन्या, गंमत असते! साल जळलं की सगळं जळतं. मनात काही राहत नाही.”

“मग बापही उभा करू या शेजारी. त्याचा मुखवटा कुणाच्या साच्यावर काढू?”

दोघे मान डोलावायला विसरले. आब्दोन उठला. “मुखवटे काय, बाजारात पडलेत,” म्हणाला आणि रातकिडे चिरडत निघून गेला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लोक आपल्याला हसायच्या आत याला हसून घ्यायचं होतं. गल्लीचं बोट जिन्याकडे वळलं की औषधाच्या दुकानाकडे कुणी बघणार नव्हतं.

मी वर जाऊन हासिंताला सगळं सांगितलं. ती कुणाच्या तरी शर्टाची कॉलर दाबत होती. इस्त्री थांबली नाही.

“करतील?”

“करतील.”

“मग मी त्या दिवशी खाली उतरत नाही.”

“तू का लपायचंस गं?”

“तुमचं काय जातं बोलायला, दोन्या? जानेवारीत मला यांचेच शर्ट करायचेत.” मग तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि निजलेल्या निकानोरकडे बघितलं. “माझं जाऊ दे. याला नाव चिकटेल. याच गल्लीत खेळणार ना हा? जन्मभर भुशाचा राजपुत्र म्हणतील.”

पोर खरं बोलत होती. आमच्या गल्लीत नाव चिकटलं की निघत नाही. मिरवणुकीत एकदा नाडी सुटलेल्या माणसाला अजून, नातवंडं झाली तरी, लोक नाडी म्हणूनच हाक मारतात. त्याच्या बायकोला नाडीण.

एकतीस तारखेला दुपारपासून देखावा उभा होता. विमान बरं जमलं होतं. साहेबांच्या हातातल्या कागदावर कुणी काही लिहिलंच नव्हतं. खऱ्या कागदात म्हणे पहिलंच कलम आहे की माणसं जन्मतः सारख्या मानाची असतात. आमच्या साहेबांचा कागद कोरा होता, ते एक बरं. राजपुत्राचा पाळणा चकाकत होता. त्याच्या शेजारी स्टुलावर हासिंताची पुतळी बसवली होती. बाजारातल्या विदूषकाच्या मुखवट्याला लाल रंगाचे ओठ थापलेले, पुढे भुशाचे दोन ढिगारे, मांडीवर गोणपाटाचं बाळ. पायाशी पाटी: लंडनचा आणि आमचा.

बायका तोंडावर हात ठेवून हसत होत्या. पोरं त्या ढिगाऱ्यांना काडीने टोचत होती. सरत्या सालाच्या विधवा फिरत होत्या, म्हणजे काळे झगे घातलेले, मिशा तशाच ठेवलेले आमचे बाप्ये, नवरा मेला म्हणून गळा काढत पैसे मागणारे. त्यातल्या फर्मिन सुताराने झग्याखाली उशी बांधली होती. आमच्या जिन्याशी येऊन तो ओरडला, “हासिंता गं! लंडनहून पाळणा आलाय तुला! खाली ये, सासरचे थांबलेत!”

त्याच्या घामाचा आणि उसाच्या दारूचा वास जिन्यावरून वरपर्यंत आला. मी तेव्हा हासिंताजवळ वर बसले होते; खिडकी लावायला उठले. हासिंता फटीतून बघत होती. तिचा चेहरा एकदम बदलला.

“दोन्या, ते पोलकं माझं आहे.”

“कुठलं?”

“तिच्या अंगात. निळ्या फुलांचं. पाठीवर इस्त्रीचा डाग पडला म्हणून मीच दिलं होतं.”

सालाच्या अंगात घालायला घरटी एक जुना कपडा द्यायचा, अशी आमची रीत. कपड्यासोबत घरातली पीडा जाते म्हणतात. आब्दोनची बायको दारोदार गोळा करत होती. हासिंताने धुऊन, घडी घालून, स्वतःच्या हाताने दिलं होतं. आणि त्या बाईने तेच नेमकं त्या पुतळीला चढवलं.

“धरा याला,” हासिंता म्हणाली. निकानोर माझ्या हातात आला आणि ती जिना उतरली. मी मागोमाग.

गर्दीने तिला बघितलं आणि आवाज खाली बसला. फर्मिनने हुंदका अर्ध्यावर सोडला. ती सरळ स्टुलापाशी गेली आणि पुतळीच्या गळ्याचं बटण काढलं. मग दुसरं. घाई नाही, आदळआपट नाही, झोपलेल्या पोराचे कपडे काढावेत तशी. तिसऱ्या बटणाला भुसा सुटला आणि भसाभस शेजारी उभ्या आब्दोनच्या पॉलिश केलेल्या बुटांवर पडला. तिने एक बाही काढली, दुसरी काढली. विदूषकाचं डोकं लवंडलं आणि ट्रामखाली गेलं. पोलकं तिने दोनदा झटकलं आणि हवेतच घडी घातली. चार कोपरे बरोबर जुळले.

“हे मी सालाला दिलं होतं,” ती म्हणाली. “हिला नाही.”

“अगं पोरी, गंमत...”

“मग हसा ना.”

आब्दोनला हसता येईना. त्याच्या कोटाच्या खिशातून सालाचं मृत्युपत्र डोकावत होतं. मरणारं साल गल्लीतल्या कुणाला काय ठेवून जातं, ते यमकं जुळवून त्यात लिहितात आणि बाराच्या आधी मोठ्याने वाचतात.

“माझ्या वाटणीचं आत्ताच वाचा,” हासिंता म्हणाली. “याच्याही वाटणीचं. आणि उलिसेसला काय ठेवलंय ते सुद्धा. का त्याला काहीच ठेवलं नाही?”

मागून कुणीतरी फिसकलं. मग दुसरं. बघता बघता सगळी गल्ली हसत होती, आणि या वेळी बोट औषधाच्या दुकानाकडे होतं. आब्दोनचे कान त्या मुखवट्याच्या ओठांसारखे लाल झाले. त्याने कागद काढला, त्याच्या चिंध्या केल्या आणि भुशात टाकल्या. त्याच्या दोघांनी उघडं पडलेलं ते पोतं, गोणपाटाचं बाळ आणि पाटी उचलून मागच्या बोळात नेली. लंडनचा पाळणा एकटाच उरला.

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. दुपारपासून त्या पुतळीला टोचणारी पोरं, तोंडावर हात ठेवून हसणाऱ्या बाया, सगळे. सगळ्यांत जोरात फर्मिन, पोटावरची उशी सावरत. “शाब्बास हासिंता! वाघीण आहेस!” खरं सांगते, हसण्यापेक्षा मला त्या टाळ्यांचीच जास्त शिसारी आली. हसताना निदान ते खरं हसत होते.

हासिंताने टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. पोलकं काखेत मारलं आणि फर्मिनसमोर थांबली.

“तुमचे शर्ट झालेत. उद्या घेऊन जा. आणि आल्यावर याला नावाने हाक मारायची. निकानोर.”

फर्मिनने मिशांवरून हात फिरवला. “निकानोर,” तो म्हणाला, शाळेत म्हणतात तसं.

“परत.”

“निकानोर.”

लोकांनी वाट दिली. ती पुढे, मी मागे. जिन्याच्या निम्म्यावर आलो तेव्हा निकानोरने मला छातीपासून गुडघ्यापर्यंत ओली केली. त्या सबंध दिवसात मला किळस न आलेली ती एकच गोष्ट.