जवायाचं काम

जवायाला कधी कामावर ठेवू नये, हे बालाघाटात शेंबडं पोरगंही सांगेल. महागूलाही ते ठाऊक होतं. पण माणसाची मती फिरायची असली की ती घरच्याच दारातून फिरते, दुसरं काय!

महागूची लेक पौर्णिमा पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. आणि माहेरचं घर कवेलूच्या छपराचं. वरून माकडांची टोळी गेली की खाली ताटात माती. लेकीला नि बाळाला निदान एक पक्की खोली असावी म्हणून महागूनं मागच्या अंगणात स्लॅबची खोली काढायचं ठरवलं. वार्डातला एक ठेकेदार येऊन माप घेऊन गेला, सगळं कागदावर लिहून देतो म्हणाला. तेवढ्यात किरनापुरातून जवायाचा, गजेंद्रचा फोन आला.

"मामाजी, घरचा ठेकेदार असून बाहेरचा काहून? लोक काय म्हणतील मले?"

गजेंद्रला ठेकेदारी सुरू करून दीड वर्ष झालं होतं. महागूनं फोनवर हात ठेवून बायकोकडं पाहिलं. गोदाबाई हळूच म्हणाली, "नाई म्हणसान तर पोट्टीले ऐकावं लागन." संपलं. वार्डातल्या ठेकेदाराला महागूनं दुसऱ्या दिवशी हात जोडले.

आता बाहेरचा ठेकेदार असला तर माणूस त्याला ओट्यावर बसवतो, चहा पाजतो आणि वर दोन शब्द सुनावतोही. जवायाचं तसं नाही. जवायाला पाय धुवायला पाणी, बसायला पाट, पानात वडे, आणि वर आग्रह. जेवत्या जवायाला "रेतीत एवढी माती काहून दिसते" असं विचारायचं कसं? महागूनं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा "अजून भात घ्या" म्हणाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मारणारा पाहुणा.

स्लॅब ओतली त्या संध्याकाळी चैतराम मिस्त्री हात धुता धुता महागूजवळ आला. म्हातारा माणूस, उभा जन्म विटा-गाऱ्यात गेलेला. "महागूभाऊ, एकवीस दिवस स्लॅबखालच्या टेकूच्या बल्ल्या हलवू देऊ नोका. माल पातळ होता. अन् मी बोललो म्हणून सांगू नोका, मले तुमच्या जवायाच्याच हाताखाली काम करा लागते."

महागू सकाळ-संध्याकाळ स्लॅबवर पाणी मारू लागला. आठव्या दिवशी गजेंद्र गाडी घेऊन आला आणि बल्ल्या काढायला लागला. दुसऱ्या कामावर हव्या होत्या म्हणे.

"एवढ्या लवकर, जवाईबापू?"

"टेन्शन मत लो, मामाजी. आजकालचं सिमेंट लवकर धरते."

महागू पाण्याचा पाइप हातात धरून उभा राहिला. शेवटची बल्ली निघाली तेव्हा वर काहीतरी कर्र झालं. गजेंद्रनं ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

चार दिवसांनी छताला रेघ दिसली, केसाएवढी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गोदाबाईनं चुना मारला. चुन्यातून रेघ पुन्हा वर आली. मग रोज सकाळी फरशीवर गिट्टीचा चुरा पडलेला सापडायचा, रोज त्याच जागी. गोदाबाई झाडायची. महागू खाली उभा राहून वर पाहायचा आणि त्याला वाटायचं, छताचं पोट सुटत चाललंय. त्यानं पलंग त्या खोलीत नेलाच नाही.

आठव्या महिन्यात गजेंद्र पौर्णिमाला घेऊन आला. आल्या आल्या त्यानं स्वतःच्या हातानं पलंग नव्या खोलीत नेला, बरोबर मधोमध मांडला. मग जेवायला बसला. महागूनं वाढायला भात घेतला, आणि तसाच परत ठेवला.

"जवाईबापू, पौर्णिमा त्या खोलीत झोपणार नाई. स्लॅब बसून राह्यली."

आयुष्यात पहिल्यांदा तो जवायाला नाही म्हणाला होता. गजेंद्रचा घास हातातच राहिला. मग तो हसला. "मामाजी, आमच्या घरच्या स्लॅबच्या बल्ल्या तर मी सहाव्या दिवशी खोलल्या. दोन महिन्यांपासून पौर्णिमा तिच्याच खाली झोपते. काही झालं का तिले?"

महागूनं तरी भात वाढला नाही. गजेंद्र भरल्या ताटावरून उठला, हात धुतला. "माह्या कामावर भरोसा नसन तर बाळंतपण आमच्याच घरी होईन. पौर्णिमा, पिशवी घे." गोदाबाई पदर पसरून आडवी आली. तो तिला वळसा घालून बाहेर गेला.

पौर्णिमा नव्या खोलीत, वर पाहत उभी होती. महागू धावत आत गेला.

"बाबा, एवढ्यासाठी बोलले तुम्ही?" तिला खरंच नवल वाटलं होतं. "आमच्या खोलीत तर याच्याहून मोठी रेघ हाय. बोट जाते तिच्यात. मले वाटलं, सगळ्यायच्याच घरी असते."

"तू जाऊ नोको, माय."

बाहेर हॉर्न वाजला. तिनं पिशवी उचलली. "नाई जाऊन कसं होईन, बाबा? तुम्ही पह्यलेच सांगतलं असतं त्यायले, तर ऐकलं असतं त्यायनं. आता भरल्या ताटावरून उठवलं तुम्ही." एक हात कमरेवर ठेवून ती सावकाश पायऱ्या उतरली.

महागू फाटकापर्यंत गेला. गाडी किरनापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत उभा राहिला. मग त्यानं फोन काढला. पोहोचायला तास लागतो हे ठाऊक असून पौर्णिमाला लावला, त्या खोलीत झोपू नको एवढंच सांगायला. कोणी उचलला नाही. त्यानं परत लावला.