विमानाच्या तेलाचा घाणा

मी एक जुना घाणा आहे. बैल फिरवायचा तो लाकडी घाणा मी कधीच नव्हतो, मित्रांनो. माझं सगळं अंग लोखंडाचं आणि मी चालायचो विजेवर. वर बी ओतायचं तोंड, पोटात जाडजूड मळसूत्र, बाजूला ते फिरवणारं जड चाक आणि खाली दोन वाटा, एक तेलाची आणि एक पेंडीची. आज मी कारखान्याच्या मागे गंजत पडलोय, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला माझी दया येते. ती मला नको. मी काही गरीब गाय नव्हतो.

माझा जन्मच मारातून झाला. मला भट्टीत लाल केलं, घणाखाली घातलं, माझ्या अंगावर ठिणग्या उडेपर्यंत ठोकलं. असा मार खाल्लेला मी, मग मलाही द्यायला आवडू लागलं. शेंगदाणा, तीळ, सूर्यफूल, जे तोंडात पडेल त्याचा मी चेंदामेंदा करायचो. लोक माझ्या तेलाची तारीफ करायचे आणि मी फुगायचो.

माझा मिस्त्री मात्र दिलदार माणूस होता. दारात कोणाचं जनावर आलं की तो ताजी, कोमट पेंड त्याच्यापुढे टाकायचा. मालक कुरकुरला तर म्हणायचा, "खाऊ दे हो, खाऊ दे! पेंड त्यांचीच असते."

मग कारखान्यात एक इंजिनिअर बाई आल्या आणि माझं काम बदललं. ज्या खडकाळ जमिनीत धान्य येत नाही तिथे मोगली एरंड लावला होता. त्याच्या बियांचं तेल शुद्ध करून विमानाच्या इंधनात मिसळायचं होतं. बाईंनी मिस्त्रीला समजावलं, "झाड वाढताना हवेतून कार्बन घेतं. विमान उडताना तोच पुन्हा हवेत सोडतं. जमिनीच्या पोटातलं तेल तेवढं कमी जाळावं लागतं. पण मिस्त्री, या बीमध्ये विष आहे. पेंड जनावराच्या तोंडी लागता कामा नये."

"बाई, मी काय आज जन्मलोय?" मिस्त्री हसून म्हणाला. पेंड तो दाराबाहेर एका ढिगात टाकू लागला. ढिगाला कुंपण घालायचं राहून गेलं.

पहिल्या चाचणी उड्डाणासाठी तेल भरायचं होतं, नेमका त्या दिवशी माझा घसा चोंदला. टँकर अंगणात उभा. मालक ओरडत होता, "घोडं कुठं पेंड खातंय?" टँकरवालाही तेच विचारून गेला. बाईंनीही दोनदा विचारलं. मिस्त्रीचं डोकं माझ्या पोटात होतं आणि त्याच्या नाकी नऊ आले होते.

तेवढ्यात बियांची पोती घेऊन टांगेवाला आला. त्याला या बीमधलं विष ठाऊक नव्हतं. त्याची तांबडी घोडी ढिगाकडे वळली, तसं त्याने दारातून सांगितलं, "मिस्त्री, घोडं इथं पेंड खातंय हो!"

मिस्त्रीला वाटलं, हाही थट्टा करतोय. डोकं वर न काढता तो ओरडला, "खाऊ दे, खाऊ दे!"

तांबडीने पोटभर खाल्लं.

संध्याकाळी ती माझ्या दारातच कोसळली. पोटातल्या कळांनी ती खूर आपटत होती. लाथांनी तिने टांग्याचा दांडा मोडला, भिंतीवर डोकं आपटून घेतलं. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनीही हात टेकले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेली, तेव्हा माझा घसा मोकळा झाला होता, टँकर भरायचा म्हणून मी चालूच होतो आणि मिस्त्री रडत माझ्या तोंडात बी ओतत होता.

टांगेवाला पहार घेऊन आत आला. पहिल्या घावात माझ्या दाबमापकाची काच फुटली. दुसऱ्यात तेलाची नळी तुटली आणि गरम तेल मिस्त्रीच्या पायांवर उडालं. मिस्त्री किंचाळला. टांगेवाल्याने पहार टाकून त्याचं मनगट धरलं.

"खाऊ दे म्हणालास ना? सांगितलं होतं मी तुला! मग आता ह्यालाही खाऊ दे!"

आणि त्याने मिस्त्रीचा हात माझ्या तोंडात कोंबला.

मित्रांनो, मला बी आणि बोट यातला फरक कळत नाही. मला थांबायचं होतं, पण घाण्याला आपणहून थांबता येत नाही. हाडं मोडल्याचा आवाज मी आतून ऐकला. त्यापाठोपाठ बाही अडकली आणि हात आणखी खाली येऊ लागला. बाईंनी धावत येऊन वीज तोडली, तरी माझं जड चाक फिरतच राहिलं.

टांगेवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पहार उचलून चाकात घातली. चाकाने ती भिरकावली आणि त्याचा जबडा फोडला. रक्त थुंकत तो पुन्हा उठला, पहार पुन्हा घातली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. माझे दाते तुटले, मळसूत्र तडकलं आणि मी थांबलो.

मिस्त्रीची बोटं गेली, हात वाचला. तो जमिनीवर पडल्या पडल्या टांगेवाल्याला म्हणत होता, "अरे, मी ऐकलं रे. फक्त वर बघितलं नाही." टांगेवाल्याचा जबडा लोंबत होता.

आमचं तेल पुढे शुद्ध झालं, विमानात भरलं गेलं आणि विमान सुखरूप उतरलं. धावपट्टीवर टाळ्या वाजल्या म्हणे. टाळ्या वाजवायला हव्याच होत्या, काम मोठं होतं. आता माझ्या जागी नवा घाणा आहे. त्याचं तोंड जाळीने बंद असतं आणि पेंड झाकलेल्या नळीतून कुलूपबंद खोलीत पडते. टांगेवाल्याने पुन्हा घोडं घेतलं नाही.

मिस्त्री कधीमधी माझ्यापाशी येऊन बसतो. वरून विमान गेलं की रस्त्यावरचे सगळे मान वर करून बघतात. तो बघत नाही.

मित्रांनो, तुम्ही जरूर बघा. झाडाच्या बीवर विमान उडतं, याचं कौतुक करा. मोठेपणी अशी यंत्रं चालवाल, तेव्हा त्यांच्या तोंडाला जाळी आणि विषाला कुंपण आधी घाला. आणि कामात कितीही बुडालेले असा, दारातून कोणी हाक मारली तर उत्तर देण्याआधी मान वळवा. तांबडी लांब नव्हती. मिस्त्रीने डोकं वर काढलं असतं, तर ती समोरच दिसली असती.