सत्त्याण्णव टक्के आपलेपणा

सकाळी मी नाश्त्याच्या बशा उचलत होते, तेव्हा जावई लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "आई, या वेळी मी सगळे आकडे फोडून दाखवणार आहे. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, वय वेगळं, काम वेगळं. गेल्या वर्षीसारखी एकच गोड गोड टक्केवारी नको."

माझ्या हातातली बशी सुटली नाही एवढंच.

"चांगलं आहे की," मी म्हणाले आणि नळ जोरात सोडला.

हे आकडे 'रांग'चे. रांग म्हणजे आमचा प्रोग्राम. छोट्या दवाखान्यांत पेशंटला नंबर द्यायचा, पुढचा कोण ते पडद्यावर दाखवायचं, मधे घुसणाऱ्याला जागेवर बसवायचं, एवढंच त्याचं काम. फुकट आहे. त्याचा कोड सगळ्यांना उघडा आहे. कोणीही वाचावा, कोणीही सुधारून पाठवावा, जुनीजाणती मंडळी तपासतात आणि बरं वाटलं तर आत घेतात. ओपन सोर्स म्हणतात याला. माझे यजमान दातांचे डॉक्टर, आणि मी त्यांच्या दवाखान्याच्या खिडकीत बसून अर्धं आयुष्य लोकांना "बसा, बोलावते" म्हणत आले. या प्रोग्रामातल्या खोड्या मला रोज दिसायच्या आणि मी रोज कुरकुरायची. शेवटी जावई म्हणाला, "कुरकुरण्यापेक्षा दुरुस्त करा ना. मी शिकवतो." आणि खरंच शिकवलं, न चिडता, चहा पीत पीत, मी तीच चूक पुन्हा केली तरी. लग्नानंतर महिनाभर मी त्याला अहोजाहो करत होते, तर त्यानंच हात जोडले होते. असा जावई. लोक जावयाला दहावा ग्रह म्हणतात. माझा तर घरातला दिवा होता.

घरात. रांगेत गेलं की तो 'कात्री' व्हायचा. तिथे सगळे टोपणनावानं वावरतात. मी 'खिडकी'. ज्या बाईनं हे सगळं सुरू केलं ती 'मुकादम'. आणि जावई कात्री, कारण त्याच्या हाताखालून गेलेला कोड निम्मा होऊन बाहेर पडतो. कोड कापण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याचे शेरे! "हे वाचून डोळे दुखले." "इतकं साधं कळत नसेल तर आधी शिकून या." आणि मला जरा जास्तच, कारण आमचं नातं मुकादमला माहीत होतं आणि घरातल्या माणसाला सूट दिली असं कोणी म्हणायला नको. वशिला नको म्हणून सासूला चार फटके जास्त. संध्याकाळी तोच माणूस जेवायला बसून म्हणणार, "आई, आमटी काय झालीय!" मी काय बोलणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बोलले नाही, पण लिहिलं. दर वर्षी मुकादम सगळ्यांना एक सर्व्हे पाठवते. इथे कोण कोण येतं, कोण टिकतं, बायका किती, नवीन किती, आणि शेवटी एक प्रश्न: तुम्हाला इथे आपलेपणा वाटतो का? वर ठळक अक्षरांत: कोणाचंही नाव विचारलं जाणार नाही. मी 'नाही'वर टिचकी मारली. खाली कारण लिहायला चौकट होती, तिथे लिहिलं, "एका तपासनिसाच्या शेऱ्यांमुळे. त्याचं नाव पडद्यावर दिसलं की मला धडधडतं. सोडून द्यावं असं वाटतं." लिहून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी गाणं म्हणत भांडी घासली.

आता गंमत बघा. नाव नाही विचारलं. पण वय: पन्नासच्या पुढे. स्त्री. काम: नवीनांचं स्वागत आणि मदतीची पानं लिहिणं. आकडे असे फोडले की तक्त्याच्या या खणात किती माणसं येणार? नवीन आलेल्याला पहिला निरोप कोण लिहितं? पन्नाशीपुढची बाई कोण आहे? त्या खणावर माझा फोटो लावायचाच काय तो बाकी होता.

"नुसते आकडेच ना?" मी नळ बंद करून विचारलं. "का कारणंबिरणं पण?"

"दोन्ही अजून मुकादमकडेच आहेत. दुपारी मीटिंगच्या आधी पाठवते म्हणाली. कारणंही ज्याच्या त्याच्या ओळीसमोर लावू." तो हसला. "आई, तुम्ही काळजी करू नका. नवीन लोक वाढलेत, ते तुमच्यामुळेच. तुमचं कौतुक होणार आहे."

मुलगी आठवडाभर कामासाठी परगावी होती, म्हणून तो आमच्याकडे जेवत होता आणि तिच्या जुन्या खोलीत बसून काम करत होता. ती परत आल्यावर तिला काय दिसेल, तेच माझ्या डोळ्यांपुढे येत होतं: आई एका खोलीत, नवरा दुसऱ्या खोलीत, आणि मधे ही बिचारी निरोप पोचवत. लेकीच्या संसारात आईनं मिठाचा खडा टाकला, तेही सर्व्हेतून. असली सासू मी तरी ऐकलेली नाही.

दवाखाना खालच्याच मजल्यावर. दोन पेशंटच्या मधे यजमानांना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातमोजे काढले, घातले, पुन्हा काढले.

"तू तोंड उघडू नकोस," ते म्हणाले. ज्यांनी जन्मभर परक्यांना 'तोंड उघडा' सांगून घर चालवलं त्यांचा हा सल्ला.

"पण कळणारच आहे त्याला!"

"मग आकडे फोडू देऊ नकोस. म्हणावं, पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असते."

पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यातून दातांपलीकडचं काही निघालं होतं. मी तिथूनच मुकादमला फोन लावला. आवाज शक्य तितका कोरडा ठेवून म्हटलं, "ज्या खणात एकदोनच माणसं येतात ते खण उघडे दाखवू नका. नाव नसलं तरी माणूस कळतो."

"अरे हो!" मुकादम म्हणाली. "बरोबर आहे. पाचाच्या आतले सगळे खण एकत्र करूनच पाठवते. आणि कारणं मग नकोतच, त्यांवरूनही कळेल." ती जरा थांबली. "खिडकी, काही झालंय का?"

"छे! मला काय होतंय?"

फोन ठेवला तेव्हा ब्लाउज घामानं पाठीला चिकटला होता. पण सुंठीवाचून खोकला गेला होता. मी वर येऊन जावयाला न विचारता चहा करून दिला. तो तोंड वाकडं करून बसला होता, कारण त्यानं आखून ठेवलेले सगळे सुंदर तक्ते आकडे भरायच्या आतच मुकादमनं एका निरोपात गुंडाळले होते.

दुपारी मीटिंग सुरू झाली. तो मुलीच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू यायचं, आधी भिंतीतून आणि मग लॅपटॉपमधून. पडद्यावर चौकोनांत माणसं बसली होती. त्यांत एक चेहरा नवा होता. पिकलेले केस, चष्मा, मागे कपाटावर औषधांच्या रिकाम्या खोक्यांची चळत. नुकतीच निवृत्त झालेली परिचारिका. सर्व्हे संपल्यावर आली होती. तिला पहिला निरोप मीच लिहिला होता, नेहमीसारखा: या, इथे कोणताच प्रश्न वेडगळ नाही.

मुकादमनं तक्ता दाखवला. एक मोठा हिरवा गोल आणि त्याला केसाएवढी राखाडी फट. "सत्त्याण्णव टक्के लोकांना इथे आपलेपणा वाटतो!" चौकोनाचौकोनांतून टाळ्या पडू लागल्या. मीही वाजवल्या. त्या फटीत मी होते आणि कोणाला दिसत नव्हते. सुटले, असं वाटायला हवं होतं. पण टाळ्या थांबल्या तरी माझी नजर त्या फटीवरून हलेना.

"मला हे पटत नाही," भिंत म्हणाली. मग लॅपटॉप म्हणाला. कात्री बोलत होता. "आकडे एकत्र केले, ठीक. पण कोणीतरी एक जण 'नाही' म्हणतोय. तो कोण ते मला नको. का म्हणतोय ते कळायला हवं. आणि जे सोडून गेले त्यांना तर आपण विचारलंच नाही. त्यांना धरलं तर हे सत्त्याण्णव राहतील का?"

मला हसावं की रडावं कळेना. माझी बाजू मांडायला सगळ्या जगातून तोच एक पुढे आला होता! आणि त्याला वाटत होतं, तो दुसऱ्या कोणाबद्दल बोलतोय.

"एक जण तर कुठेही नाराज असतोच," कोणीतरी म्हणालं. "घरातही असतो." दोघंतिघं हसली.

मुकादमनं विषय पुढे नेला. "आता नव्या लोकांकडून ऐकू. कसं वाटतंय?" परिचारिकेनं चष्मा वर सरकवला.

"छान आहे," ती म्हणाली. "खिडकीताईंचा निरोप आला तेव्हा फार बरं वाटलं. मग मी एक छोटा बदल पाठवला, म्हाताऱ्या पेशंटना आकडा मोठा दिसावा म्हणून. त्यावर उत्तर आलं की हे वाचून डोळे दुखले." ती हसली, पण नजर खाली होती. "दोन दिवस उघडलंच नाही पुन्हा. आज यायचं की नाही, याच विचारात होते. पण आता हा तक्ता बघितला. सत्त्याण्णव टक्के लोकांना इथे आपलं वाटतं, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार. वय झालं. जरा मन घट्ट केलं पाहिजे मी."

"हो, हो, होईल सवय," मुकादम मायेनं म्हणाली.

त्या बाईला मीच दारातून आत घेतलं होतं, आणि माझंच 'नाही' मीच हातानं पुसून तिच्यापुढे हा हिरवागार गोल ठेवला होता. ती आता घरी बसून स्वतःला दोष देणार, जसा मी दिला. मग एक दिवस येईनाशी होणार. पुढच्या वर्षी तिला सर्व्हे जाणार नाही, आणि आमचे टक्के आणखी वाढतील. मला लेकीचा चेहरा दिसला. यजमानांचे हातमोजे दिसले. तोंड उघडू नकोस.

मी माझा माइक सुरू केला.

"ते 'नाही' माझं आहे," मी म्हणाले.

भिंतीपलीकडे खुर्ची करकरली.

"बाई, तुमचं काही चुकत नाही," मी परिचारिकेला म्हणाले. आवाज कापत होता आणि तो कापतोय याचा मला रागही येत होता. "मलाही तसेच शेरे येतात. मी लोकांचं स्वागत करते आणि स्वतः रोज निघून जायचा विचार करते. सकाळी मीच मुकादमना सांगितलं की आकडे झाका, कारण मी घाबरले होते."

"खिडकी," कात्री हळू म्हणाला. दोनदा ऐकू आलं. "कोणाचे शेरे?"

घरी मी त्याला एकेरीत बोलते. तिथे आम्ही सगळे एकमेकांना अहोजाहो करतो.

"तुमचे," मी म्हणाले.

त्याचा चौकोन काळा झाला. मुकादम घाईघाईनं काहीतरी बोलू लागली, परिचारिका डोळे पुसत होती की चष्मा ते कळेना. मी लॅपटॉप मिटला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. झालं. लेक आली की तिला मी आधी सांगायचं का त्यानं, एवढंच ठरायचं बाकी होतं. बॅग भरून निघाला तर थांबवायचं कसं, आणि नाही थांबला तर तिला फोनवर काय सांगायचं?

दार उघडलं. तो आला, लॅपटॉप छातीशी धरून. चेहरा उतरला होता, पण रागाचा मला अंदाज येईना.

"आई, मी असं काय लिहिलं होतं?"

"तुला आठवत नाही?"

"नाही. खरंच नाही." तो टेबलाशी बसला. "मी रोज इतकं लिहितो. वाईट वाटेल असं काही... मला वाटायचं, काम आहे, कामासारखं बोलायचं."

हे मला सगळ्यांत जास्त लागलं. मला एकेक शेरा तोंडपाठ होता, आणि त्याच्या लक्षात एकही नव्हता.

"उघड," मी म्हणाले. "माझे जुने सगळे बदल उघड आणि खालचे तुझे शेरे वाच. मोठ्यानं."

तो वाचू लागला. पहिले दोन त्यानं भरभर वाचले, बातम्या वाचतात तसे. तिसऱ्याला वेग कमी झाला. "इतकं साधं कळत नसेल तर..." हे त्यानं अर्धवटच सोडलं, आणि मी गप्प राहिले म्हणून पुन्हा पहिल्यापासून पूर्ण वाचलं. पुढच्याला त्यानं घसा खाकरला. मग एका ओळीवर आला आणि थांबला. ती कोणती ते मला न बघता माहीत होतं.

"हे काम," तो म्हणाला, "खिडकीत बसून जमण्यातलं नाही."

पाण्याचा पेला मी त्याच्यापुढे सरकवला. त्यानं घेतला नाही.

"हे मी तुम्हाला लिहिलंय?"

त्याचे डोळे भरले होते. राहू दे रे, झालं गेलं, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"अजून आहेत," मी म्हणाले. "वाच पुढे."